पद्मपूरचा श्रीकंठ, रंगभूमीचा भवभूती

हावडा-मुंबई लोहमार्गावरील आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. चहूकडे भाताच्या बांध्या, मधूनमधून जुने मालगुजारी तलाव आणि पूर्वेकडे सालेकसा-दरेकसाच्या डोंगरांची निळसर रेघ. या आमगावाच्या जवळच पदमपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. बाहेरच्या माणसाने मुद्दाम थांबावे असे तेथे वरवर काही दिसत नाही. तथापि संस्कृत नाट्यवाङ्मयात कालिदासाच्या शेजारी ज्याला आसन दिले जाते, त्या महाकवी भवभूतीचे जन्मस्थान म्हणून या गावाकडे विद्वानांनी बोट दाखविले आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी वेदपाठी घराण्यात जन्मलेला श्रीकंठ नावाचा एक मुलगा विदर्भातून उत्तरेकडे गेला आणि नाटककार झाला. घरातून त्याच्या वाट्याला आलेले काम यज्ञाचे आणि अध्ययन-अध्यापनाचे होते. रंगभूमी त्याने स्वतः निवडली, आणि ती पुरती आपलीशी होण्यास त्याला उभा जन्म लागला.

भवभूतीची तीन नाटके आज उपलब्ध आहेत: 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित'. प्राचीन संस्कृत कवी सहसा स्वतःविषयी बोलत नाहीत. कालिदासाने आपल्या आईवडिलांचे किंवा गावाचे नावही सांगितलेले नाही. भवभूती मात्र नाटकांच्या प्रस्तावनांतून सूत्रधाराच्या तोंडून आपला परिचय करून देतो, आणि त्याच्या चरित्राचा मुख्य आधार तोच आहे. दक्षिणापथात, विदर्भ देशात पद्मपूर नावाचे नगर असून तेथे आपले घराणे नांदत होते, असे तो सांगतो. हे पद्मपूर कोणते, यावर दीर्घकाळ वाद झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा कल ते चंद्रपूरच्या परिसरात शोधण्याकडे होता. पुढे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी आमगावजवळच्या पदमपूरचा पक्ष मांडला. वाकाटक राजवंशाच्या कोरीव लेखांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. तत्कालीन दुर्ग जिल्ह्यातील मोहल्ला येथे वाकाटकांचा एक त्रुटित ताम्रपट सापडला होता आणि तो पद्मपुराहून दिला गेल्याचा उल्लेख त्यात होता. दुर्गच्या बाजूला, वाकाटकांच्या मुलखात आणि त्याच नावाने टिकून राहिलेले गाव म्हणजे आमगावचे पदमपूर, असा हा युक्तिवाद आहे. गाव त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते या जिल्ह्यात आले. कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक, हे मतही मिराशींनीच हिरिरीने मांडले होते. ते मान्य केले, तर संस्कृतातील दोन सर्वश्रेष्ठ नाटककारांचा संबंध वैनगंगेच्या खोऱ्याशी आणि त्याच्या आसपासच्या मुलखाशी पोहोचतो. पूर्व विदर्भाने या गोष्टीचा जेवढा अभिमान बाळगावयास हवा, तेवढा तो बाळगत नाही.

श्रीकंठाचे घराणे उदुंबर या नावाने ओळखले जाई. कृष्ण यजुर्वेदाची तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र, घरात पंचाग्नी, सोमयागाची परंपरा. पाच पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाने वाजपेय यज्ञ केला होता. तो महाकवी म्हणूनही ख्यात होता. आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ, आईचे जातुकर्णी. या घराण्यातील पुरुष पंक्तिपावन मानले जात. पंगतीत ज्यांच्या नुसत्या बसण्याने इतरांचा दोष जातो, अशा श्रोत्रियांना हा मान होता. धर्मशास्त्रात पंक्तिपावनांची यादी आहे, तशीच श्राद्धाच्या पंगतीत ज्यांना बसू देऊ नये त्यांचीही यादी आहे. मनुस्मृतीत या दुसऱ्या यादीत कुशीलवाचे, म्हणजे नट-गायकाचे नाव येते. पहिल्या यादीतल्या घरात जन्मलेल्या श्रीकंठाने पुढे दुसऱ्या यादीतल्या लोकांशी मैत्री केली. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत सूत्रधार सांगतो की, या कवीचा नटांशी स्वभावतःच स्नेह आहे आणि त्याने आपली कृती होऊन आमच्या हाती सोपविली आहे. वाक्य साधे आहे. परंतु घराण्याची कथा ध्यानात ठेवून ते वाचले की, या माणसाने केवढी रेषा ओलांडली होती हे कळते.

ही रेषा त्याने एकाएकी ओलांडलेली दिसत नाही. त्याचा प्रारंभीचा काळ अध्ययनात गेला. ज्ञाननिधी हे त्याच्या गुरूंचे नाव. नावाला साजेल असेच ते विद्वान होते, असे तो कृतज्ञतेने नमूद करतो. व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत आपण पारंगत आहोत, असे तो अभिमानाने सांगतो. वेद, उपनिषदे, सांख्य आणि योग यांचेही अध्ययन त्याने केले होते. 'मालतीमाधवा'च्या एका जुन्या हस्तलिखितात हे नाटक प्रख्यात मीमांसक कुमारिलभट्ट यांच्या शिष्याने रचल्याची नोंद असून त्याच हस्तलिखितात उंबेक हे नावही आले आहे. त्यावरून भवभूती आणि मीमांसेचा भाष्यकार उंबेक एकच असावेत, असे काही पंडितांनी मानले. इतरांना ते पटले नाही. दोघे एक नसले तरी मीमांसेचा भाष्यकार म्हणून खपून जाईल एवढी विद्वत्ता भवभूतीपाशी होती, एवढे या वादातून खचित निष्पन्न होते. अशा माणसापुढे शास्त्रग्रंथ लिहिण्याचा आणि शिष्य घडविण्याचा मार्ग मोकळा होता. त्या मार्गाने प्रतिष्ठाही होती.

पद्मपूर त्याने कोणत्या वयात सोडले, हे प्रस्तावनांत नाही. पण तो कोठे गेला याच्या खुणा नाटकांत आहेत. 'मालतीमाधवा'चा नायक माधव हा विदर्भातील कुंडिनपूरच्या अमात्याचा मुलगा. तो न्यायशास्त्र शिकण्यासाठी पद्मावती नगरीत येतो. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरच्या बाजूचे आजचे पवाया. नाटकात या नगरीच्या भोवतालच्या सिंधू, पारा, लवणा, मधुमती या नद्यांची, त्यांच्या संगमांची, काठच्या रानांची वर्णने इतकी नेमकी आहेत की, पुढे संशोधकांना प्राचीन पद्मावतीची जागा निश्चित करताना त्यांचा उपयोग झाला. ऐकीव माहितीवर असे लिहिता येत नाही. विदर्भातून विद्येसाठी उत्तरेस गेलेला आणि तेथे भलत्याच गोष्टीत गुंतलेला तरुण रंगविताना कवीने आपलीच वाट आठवली असावी, असा तर्क केला तर तो फारसा धाडसाचा ठरू नये.

तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर होण्यासाठी लिहिली गेली. कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल, असे जुने टीकाकार सांगत. मिराशींच्या मते हे देवस्थान यमुनेच्या काठी, आजच्या उत्तर प्रदेशातील काल्पी येथे होते. मुद्दा असा की, तिन्ही प्रस्तावनांत कोठेही राजाचे नाव नाही. राजसभेत मोजक्या रसिकांपुढे रंगलेले हे प्रयोग नव्हेत. यात्रेला जमलेल्या लोकांपुढे ते झाले. झाडीपट्टीतल्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. भात घरात आल्यावर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. भवभूतीच्या काळाशी त्यांचा धागा जोडण्यास काही आधार नाही. मात्र जत्रेतल्या नाटकाचा प्रेक्षक कसा असतो, किती वेळ बसतो आणि केव्हा उठतो, हे या मुलखाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बहुतेक अभ्यासक 'महावीरचरित' हे पहिले नाटक मानतात. विश्वामित्राच्या आश्रमापासून राज्याभिषेकापर्यंतचे रामचरित्र सात अंकांत बसविण्याचा तो प्रयत्न आहे. रामायणातल्या विखुरलेल्या घटनांना एक सूत्र असावे म्हणून भवभूतीने रावणाचा वृद्ध मंत्री माल्यवान याला सर्व कारस्थानांच्या मुळाशी बसविले. शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन येते, वाली माल्यवानाच्या सांगण्यावरून रामाशी लढावयास उभा राहतो. रचना बुद्धिमान आहे. पण परशुरामाशी चाललेला वाद दोन अंकांहून अधिक रेंगाळतो, पात्रे लांबलचक समासांत बोलतात आणि पंडित नाटककाराच्या खांद्यावरून सतत डोकावत राहतो. याच नाटकाच्या प्रस्तावनेत वंशाची सविस्तर कथा आहे: शाखा, गोत्र, यज्ञ, पूर्वज, आजोबा, वडील, आई, गुरू. नवख्या माणसाने परक्या सभेत उभे राहून आपल्या घराण्याचा दाखला द्यावा, तसा तो परिचय वाचताना वाटतो. या नाटकाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, पाचव्या अंकाच्या मध्यापुढचा मजकूर निरनिराळ्या हस्तलिखितांत निरनिराळा मिळतो आणि शेवटचा भाग इतरांनी पूर्ण केल्याचे दिसते.

दुसरे नाटक 'मालतीमाधव'. येथे रामायणाचा आधार सोडून भवभूतीने कल्पित कथेचे दहा अंकी प्रकरण रचले. पद्मावतीच्या अमात्याची कन्या मालती आणि विदर्भाचा माधव यांचे प्रेम. मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यावी हा राजाचा हट्ट. दोघांची गाठ घालून देण्यासाठी गुपचूप सूत्रे हलविणारी वृद्ध बौद्ध परिव्राजिका कामंदकी. मध्येच पिंजऱ्यातून सुटलेला वाघ येतो. हताश माधव मध्यरात्री स्मशानात भुताखेतांना नरमांस विकावयास जातो आणि तेथेच, चामुंडेच्या देवळात कापालिक अघोरघंट मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतो. यात्रेतला प्रेक्षक श्वास रोखून पाहील असे हे प्रसंग आहेत. कालिदासाच्या तिन्ही नाटकांत विदूषक आहे. भवभूतीच्या एकाही नाटकात नाही. हसविणे त्याच्या प्रकृतीत नव्हते, आणि ते त्याने ओढूनताणून आणलेही नाही.

'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत त्याचा सूर बदललेला आहे. वंशकथा आहे, पण तिच्या जोडीला एक कबुलीवजा विधान आले आहे. वेदांचे, उपनिषदांचे, सांख्ययोगाचे ज्ञान असले तरी त्याचा बडेजाव कशाला, त्याने नाटकात काही गुण येत नाही. नाटककाराची पारख त्याच्या शब्दांच्या प्रौढीवरून आणि अर्थाच्या गांभीर्यावरून व्हावी, असे तो सुचवितो. ज्या विद्येच्या बळावर घराण्याची चार पिढ्यांची प्रतिष्ठा उभी होती, ती येथे उपयोगाची नाही, हे मान्य करणे श्रीकंठाला सोपे गेले नसेल. याच ठिकाणी त्याने आपली अवहेलना करणाऱ्यांचाही समाचार घेतला आहे. आपला खटाटोप त्यांच्यासाठी नाहीच, असे त्यांना बजावून त्याने आपला खरा रसिक पुढच्या काळावर आणि दूरच्या मुलखावर सोपविला. संस्कृत वाङ्मयातील हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध स्वाभिमानाचा उद्गार आहे. उपेक्षित लेखकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या आधारासाठी वापरला, पुष्कळांनी पात्रता नसताना वापरला.

पुढच्या काळाने त्याला निराश केले नाही. इ. स. ८००च्या सुमारास काश्मीरचा साहित्यशास्त्रज्ञ वामन त्याचे श्लोक उदाहरणादाखल देऊ लागला. शंभरएक वर्षांनी राजशेखराने वाल्मीकीच पुढे भवभूती होऊन आला आणि त्यानंतर स्वतः राजशेखर होऊन, असा दावा केला. राजशेखराचा पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचा भूषण म्हणून ओळखला जाई, तेव्हा या दाव्यात थोडी शेजारधर्माची आपुलकीही असेल. बाराव्या शतकात बंगालच्या गोवर्धनाचार्यांनी भवभूतीच्या करुणेने पाषाणही रडतो, अशा आशयाची प्रशंसा केली. आधुनिक काळात भांडारकरांनी १८७६ साली 'मालतीमाधवा'ची चिकित्सक आवृत्ती जगद्धराच्या टीकेसह मुंबईत प्रसिद्ध केली. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी 'उत्तररामचरित' मराठीत आणले आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'संस्कृत कविपंचका'त भवभूतीला स्थान दिले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी 'उत्तररामचरिता'ची आवृत्ती सिद्ध केली आणि मिराशींनी त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यांपैकी काहीही पाहण्यास तो अर्थात नव्हता. त्याच्या हातात फक्त पुढचे नाटक लिहिणे होते.

'उत्तररामचरित' हे उतारवयातले नाटक आहे. भरतवाक्यात कवी स्वतःला परिपक्व बुद्धीचा म्हणवतो. त्याहून बोलकी आहे ती प्रस्तावना. पहिल्या दोन नाटकांतली लांबलचक वंशावळ येथे गळून पडली आहे. पद्मपूर नाही, वाजपेय नाही, भट्टगोपाल नाही, नीलकंठही नाही. काश्यप गोत्राचा, श्रीकंठ हे पद धारण करणारा, शास्त्रांचा जाणता, जातुकर्णीचा पुत्र भवभूती, एवढ्यावर परिचय संपतो. वडिलांचे नाव गळाले आणि आईचे राहिले. ज्या नाटकात पतीने टाकलेली गर्भवती स्त्री केंद्रस्थानी आहे आणि जिची मुले बापाचे नाव ठाऊक नसताना वाढतात, त्याच्या कर्त्याने आपली ओळख आईच्या नावाने सांगावी, हा योगायोग असेल असे वाटत नाही.

टीकाकारांविषयीची जुनी सल येथेही आहे, परंतु तिचे रूप पालटले आहे. 'मालतीमाधवा'त ती कवीच्या मानापमानाची गोष्ट होती. या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो की, लोक स्त्रियांच्या शुद्धतेविषयी जसे दुष्टपणाने बोलतात, तसेच ते वाणीच्या शुद्धतेविषयीही बोलतात. एका दमात कवीची वाणी आणि सीता एका पंक्तीत आली. स्वतः सोसलेल्या उपहासातून त्याला लोकापवाद म्हणजे काय ते कळले होते. तो अनुभव त्याने स्वतःसाठी वापरणे सोडून दिले आणि सीतेला देऊन टाकला. पंडिताचा नाटककार होण्याची प्रक्रिया कोठे पुरी झाली असे विचारले, तर या एका वाक्याकडे बोट दाखविता येईल.

नाटकाची सुरुवात चित्रदर्शनाने होते. वनवासातील प्रसंग रंगविलेली चित्रे लक्ष्मण राम-सीतेला दाखवितो. सीतेला पुन्हा ते रान पाहण्याची, गंगेत उतरण्याची इच्छा होते आणि रामाच्या बाहूवर डोके ठेवून ती झोपी जाते. तेवढ्यात दुर्मुख नावाचा हेर नगरातील कुजबूज घेऊन येतो. जी सहल तिने हौसेने मागितली, तीच तिला टाकून देण्याचे निमित्त होते. मुरलेल्या दांपत्याचे असे प्रेम संस्कृत नाटकात त्यापूर्वी क्वचितच आले होते. नाटकांचे नायक-नायिका नव्याने प्रेमात पडत. भवभूतीने सुखदुःखांतून तावून निघालेल्या, वयाबरोबर संकोच गळून गेलेल्या स्नेहाचे नाटक लिहिले. पंचविशीत हे लिहिता आले असते असे वाटत नाही. 'मालतीमाधवा'तल्या स्मशानापेक्षा या झोपलेल्या सीतेपाशी अधिक भीती आहे.

दुसऱ्या अंकात बारा वर्षे लोटलेली आहेत. शंबूकाच्या वधाचा प्रसंग येथेच येतो. आजचा वाचक तेथे थबकतो आणि थबकणे योग्यच आहे. भवभूतीने कथा बदलली नाही; पण शस्त्र उचलताना राम आपल्याच हाताला निर्दय म्हणून हिणवतो आणि सीतेला हाकलणाऱ्या हाताला आता करुणा कोठून, असे विचारतो. कवीला ही कृती सुखाने गिळता आली नव्हती, एवढी खूण उरते. त्यानंतर राम दंडकारण्यात फिरतो. येथल्या वर्णनांत मोहक उपवने नाहीत. वेळूच्या बेटांत घुबडे घुमतात, मोरांच्या केकांना भिऊन साप जुन्या झाडांच्या खोडांना बिलगतात, आणि उन्हाच्या कडाक्यात तहानलेले सरडे अजगराच्या अंगावरचा घाम चाटतात. मे महिन्यात नागझिरा-नवेगावच्या बाजूचे रान ज्याने पाहिले आहे, त्याला हे वर्णन पुस्तकी वाटणार नाही. बालपणीचे रान म्हातारपणी लेखणीत उतरले असावे. रामाला ओळखीच्या जागा ओळखू येत नाहीत. जेथे प्रवाह होता तेथे वाळू आहे, दाट झाडी विरळ झाली आहे, विरळ होती ती दाटली आहे. डोंगर तेवढे जागचे हललेले नाहीत, म्हणून ही तीच भूमी असे तो ताडतो.

तिसऱ्या अंकाला छाया अंक म्हणतात. गंगेच्या वराने अदृश्य झालेली सीता पंचवटीत आली आहे. तिने लहानपणी कोवळी पाने भरवून वाढविलेला हत्तीचा छावा आता मदोन्मत्त तरुण झाला आहे. राम तिच्या आठवणीने मूर्च्छित पडतो, ती त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणते, आणि तो तिला पाहू शकत नाही. वनदेवता वासंती रामाला तोंडावर जाब विचारते. सीता हे सारे ऐकते. अश्वमेधासाठी रामाने आपलीच सुवर्णप्रतिमा शेजारी बसविल्याचे तिला येथे कळते. घटना म्हणून या अंकात जवळजवळ काही घडत नाही. 'महावीरचरिता'त कारस्थानांवर कारस्थाने रचणारा नाटककार येथे दोन माणसांना एका जागी उभे करून थांबला आहे. करुण हाच एक रस असून बाकीचे त्याचीच रूपे आहेत, हा भवभूतीचा विख्यात सिद्धांतही याच अंकाच्या शेवटी तमसा नदीच्या तोंडी येतो.

शेवटचा, सातवा अंक या नाटकाचा आणि एका अर्थाने भवभूतीच्या साऱ्या वाटचालीचा कळस आहे. गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा सादर करतात. प्रेक्षकांत राम आहे, लक्ष्मण आहे आणि अयोध्येचे प्रजाजनही आहेत; ज्यांनी कुजबूज केली तेच. त्यांच्यासमोर सीतेच्या त्यागाचे, तिच्या प्रसूतीचे दुःख रंगमंचावर उभे राहते. रामाला हे नाटक आहे याचे भान राहत नाही. अरुंधती प्रजाजनांना त्यांचे मत विचारते, आणि ते सीतेपुढे नमतात. वाल्मीकी रामायणात सीता भूमीच्या पोटात जाते. भवभूतीने ती परत आणली. जो निवाडा राजाला करता आला नाही, गुरुजनांना करता आला नाही, तो त्याने नाटकाकडून करविला. पंगतीतून उठविलेल्या नटांच्या कलेला पंक्तिपावन घरातल्या माणसाने एवढे मोठे काम सोपविले.

राजाश्रय त्याला मिळाला तो बहुधा उशिरा. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'राजतरंगिणी'त कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती हे कवी असल्याची नोंद आहे. या यशोवर्म्याने इ. स. ७३१ मध्ये चीनच्या दरबारी दूत पाठविला होता, त्यावरून भवभूतीचा काळ आठव्या शतकाचा पूर्वार्ध धरला जातो. पुढे काश्मीरच्या ललितादित्याने यशोवर्म्याचा पराभव केला. कवींच्या मेळ्यासह तो राजाच जेत्याचा स्तुतिपाठक झाला, असा बोचरा शेरा कल्हणाने मारला आहे. भवभूतीने मात्र आपल्या नाटकांत यशोवर्म्याची स्तुती केलेली नाही आणि ललितादित्याचीही नाही.

यशोवर्म्याचे चरित्र लिहिले ते वाक्पतिराजाने. 'गौडवहो' या त्याच्या काव्यात राजाच्या पराक्रमाबरोबरच भवभूतीचाही उल्लेख येतो. भवभूती हा समुद्र असून त्यातून निघालेल्या अमृताचे थेंब आपल्या काव्यात अजूनही चमकतात, अशा अर्थाचे तेथे वर्णन आहे. भवभूतीविषयी नावानिशी केलेल्या गौरवाचा हा सर्वांत जुना उल्लेख. संस्कृतात आयुष्यभर लिहिणाऱ्या या कवीला तो मिळाला प्राकृतात, आणि त्यातही महाराष्ट्री प्राकृतात.